महाराजांची गाडी दिसते, ताळेबंद दिसत नाही

नोव्हेंबर २०२५ मध्ये संगमनेरला निवृत्ती महाराज देशमुख इंदुरीकर यांच्या मुलीचा साखरपुडा थाटात झाला. मंडप, गाड्या, फुले, कपडे, सगळे मोबाइलवर आले आणि दोन दिवसांत महाराष्ट्रभर गलका उडाला. लग्नावर उधळपट्टी करू नका, साधेपणाने उरका, म्हणून गावोगावच्या बापांना कीर्तनातून झोडपणाऱ्या माणसाच्या घरचे हे काय, असा सवाल होता. वाहिन्यांनी चर्चा लावल्या. यूट्यूबवाल्यांनी जुन्या कीर्तनांचे तुकडे काढून शेजारी साखरपुड्याची दृश्ये चिकटवली. महाराज चिडले. मला काय बोलायचे ते बोला, पण लोक मुलीच्या कपड्यांपर्यंत गेले, असे म्हणत त्यांनी फेटा खाली ठेवण्याची, म्हणजे कीर्तनच बंद करण्याची भाषा केली.

मुलीच्या कपड्यांवर बोलणे हा निव्वळ चावटपणा होता, त्यात वाद नाही. पण त्या सगळ्या गदारोळात एक साधा प्रश्न कोणी नीट विचारला नाही: पैसा कोणाचा? स्वतःच्या कमाईतून, कर भरून कोणी साखरपुडा केला असेल, तर त्याच्या बोलण्या-वागण्यातल्या विसंगतीवर बोट ठेवण्याचा अधिकार लोकांना आहे, हिशेब मागण्याचा नाही. पैसा ट्रस्टचा, संस्थानाचा, वर्गणीचा असेल तर मात्र गोष्टच बदलते. श्रीमंत धर्मगुरूंवरची आपली बहुतेक टीका या दोन गोष्टींची सरमिसळ करते. गाडी, घड्याळ, मंडप डोळ्यांना दिसतात म्हणून आपण त्यांच्यावर तुटून पडतो. ताळेबंद दिसत नाही, म्हणून तो सुटतो.

मराठवाड्यात पैशाची ही वाट समजून घ्यायची तर सप्ताहात जावे. औसा, निलंगा, अहमदपूर असो की कंधार, लोहा, मुखेड, वर्षातून एकदा अखंड हरिनाम सप्ताह झाला नाही असे गाव विरळाच. पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरीचे पारायण, दुपारी गाथा भजन आणि प्रवचन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री नऊ ते अकरा कीर्तन, पुढे जागर. शेवटच्या दिवशी काल्याचे कीर्तन आणि महाप्रसाद. महिनाभर आधी रंगीत पत्रिका निघते. तिच्यात सात-आठ कीर्तनकारांचे फोटो, खाली त्यांच्या गावांची नावे आणि प्रत्येक दिवसासमोर अन्नदात्याचे नाव. ‘तारीख मिळाली का?’ हा त्या दिवसांतला गावातला परवलीचा प्रश्न. मोठ्या नावाची तारीख वर्ष वर्ष आधी धरावी लागते. रक्कम फोनवर ठरते, बहुतेक वेळा महाराजांशी नव्हे तर त्यांची डायरी सांभाळणाऱ्याशी. काही ठिकाणी गाडीभाडे वेगळे. एखाद्या दिवसाचे कीर्तन कोणी वडिलांच्या स्मरणार्थ उचलते आणि पाकीट त्याच्याच हातून दिले जाते. पाकिटात किती आहे ते गावातल्या सगळ्यांना माहीत असते. कागदावर मात्र ते कुठेच नसते.

कीर्तनकाराची बाजूही ऐकण्यासारखी आहे. रात्री अकराला कीर्तन संपवून दीडशे-दोनशे किलोमीटर जायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे राहायचे, वर्षातले कित्येक महिने घराबाहेर. त्यांच्यात आळंदीच्या वारकरी शिक्षण संस्थेत चार-चार वर्षे काढलेले पुष्कळ आहेत. जोग महाराजांनी १९१७ मध्ये काढलेली ती संस्था. तिथे अभंग पाठ करता करता माधुकरी मागून दिवस काढलेली मराठवाड्यातली पोरे कमी नाहीत. मार्च २०२३ मध्ये इंदुरीकरांनीच जाहीर तक्रार केली होती: गौतमी पाटील तीन गाण्यांचे तीन लाख घेते तर चालते, आम्ही पाच हजार मागितले की आम्ही बाजार मांडला म्हणता. तक्रारीत तथ्य आहे. पण तिच्यात एक कबुलीही दडलेली आहे. नर्तकीशी तुलना केली की कीर्तन हा कार्यक्रम झाला आणि कार्यक्रमाला दर असतो. वारकरी संप्रदायाची मूळ शिकवण याच्या नेमकी उलट. जिथे कीर्तन करायचे तिथले अन्नही घेऊ नये, कपाळी बुक्का लावून घेऊ नये, गळ्यात माळही घालून घेऊ नये, असे खुद्द तुकोबांनी बजावून ठेवले आहे. म्हणजे श्रीमंत प्रवचनकारावरची टीका बाहेरच्या कोणा नास्तिकाने आणलेली नाही. ती परंपरेच्या घरातच आहे, आणि बाहेरच्या टीकेपेक्षा जास्त बोचते ती यामुळेच.

वृत्तपत्रांनी ही टीका हाती घेतली त्यालाही पावणेदोनशे वर्षे होऊन गेली. लोकहितवादींनी १८४८ पासून ‘प्रभाकर’मध्ये लिहिलेल्या शतपत्रांत भिक्षुकांच्या आयत्या जगण्यावर कोरडे ओढलेले आहेत. पुढे नगर जिल्ह्यातल्या तरवडी या खेड्यातून मुकुंदराव पाटलांनी १९१० पासून ‘दीनमित्र’ चालवला आणि पुरोहितशाहीचा खर्च शेतकऱ्याला समजेल अशा भाषेत मांडला. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी देवळांच्या उत्पन्नावर जे लिहिले ते आज कोणी लिहील का आणि लिहिले तर छापेल का, याची मला शंका आहे. पण या सगळ्यांत धर्मगुरू, पैसा आणि पत्रकार यांचा कोर्टात उभा राहिलेला सर्वांत मोठा सामना मुंबईत १८६२ मध्ये झाला.

तो ‘महाराज लायबल केस’. करसनदास मुळजी हा गुजराती समाजसुधारक ‘सत्यप्रकाश’ नावाचे साप्ताहिक चालवत असे. २१ ऑक्टोबर १८६० च्या अंकात त्याने वल्लभ संप्रदायाच्या महाराजांवर, नाव घेऊन जदुनाथजी महाराजांवर, लेख लिहिला. महाराजांनी पन्नास हजार रुपयांच्या नुकसानभरपाईचा दावा ठोकला. खटला गाजला तो महाराजांच्या स्त्रीभक्तांशी असलेल्या वर्तनावरून. २०२४ मध्ये आलेला ‘महाराज’ हा चित्रपटही तिथेच रेंगाळतो. खटल्याच्या मागची पैशाची बाजू मात्र फारशी कोणी सांगत नाही. मुंबईतले वैष्णव व्यापारी मालाच्या खरेदी-विक्रीवर ‘लागा’ काढत. हा हवेलीसाठीचा, म्हणजे संप्रदायाच्या देवळासाठीचा, धार्मिक कर होता आणि तो शेवटी गिऱ्हाइकाच्या माथी बसे. त्याशिवाय दर्शन, चरणस्पर्श, पाय धुणे, झोपाळ्याला झोका देणे, प्रत्येक सेवेचा दर वेगळा. संप्रदायाच्या या सगळ्या अर्थकारणाची माहिती करसनदासने पुढे १८६५ मध्ये निघालेल्या आपल्या इंग्रजी पुस्तकात दिली. जात-पंचायतीचा दरारा असा की भाटिया पुढाऱ्यांनी सभा घेऊन महाराजांविरुद्ध साक्ष द्यायची नाही असे ठरवले. त्या कटाचा वेगळा खटला चालला आणि पुढाऱ्यांना दंड झाला.

करसनदासच्या बाजूने साक्ष द्यायला जे उभे राहिले त्यांत आपले डॉ. भाऊ दाजी लाड होते. त्यांनी महाराजांवर उपचार केले होते आणि काय आजार होता ते त्यांनी न्यायालयात सांगितले. आजच्या वैद्यकीय नीतीत ते बसेल का, हा निराळा वाद. २२ एप्रिल १८६२ ला निकाल लागला. न्या. जोसेफ आर्नोल्ड यांच्या निकालाचा मथितार्थ असा, की नीतीने जे चूक आहे ते धर्माने बरोबर ठरू शकत नाही. करसनदासला खर्चापोटी साडेअकरा हजार रुपये मिळाले. त्याचा खर्च याहून जास्त झाला होता. सत्य सिद्ध करूनही पदरमोड संपादकालाच करावी लागली, आणि जिल्ह्याच्या पत्रकाराला ही गोष्ट आजही चांगली ठाऊक आहे.

ख्रिस्ती धर्मोपदेशकांच्या पगाराचा प्रश्नही मराठीत जुना आहे. तो ज्याने स्वतःपासून सोडवला त्याचे नाव रेव्हरंड नारायण वामन टिळक. अमेरिकन मराठी मिशनची पगाराची नोकरी, ‘ज्ञानोदया’तले लेखन, प्रतिष्ठा, सगळे असताना १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ख्रिस्ती संन्यासी होऊन साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. परदेशी पैशावर उभा राहिलेला धर्म इथल्या मातीत रुजणार नाही, असे त्यांना वाटत होते. घरखर्चाचे काय, हा लक्ष्मीबाईंचा प्रश्न अर्थातच जागच्या जागी राहिला. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला संन्याशाच्या बायकोची ती तारांबळ माहीत आहे.

टिळकांच्या उलट टोकाचे प्रकरण अगदी अलीकडचे. उत्तर भारतीय चर्चचे प्रमुख असलेले जबलपूरचे बिशप पी. सी. सिंग यांच्या घरावर सप्टेंबर २०२२ मध्ये मध्य प्रदेशच्या आर्थिक गुन्हे शाखेने छापा टाकला. १ कोटी ६५ लाख रुपये रोख आणि १८ हजार डॉलर सापडले. शाळांच्या फीचे २ कोटी ७० लाख रुपये धार्मिक संस्थांकडे आणि स्वतःसाठी वळवल्याचा आरोप होता. बिशप जर्मनीहून परतले तेव्हा त्यांना अटक झाली ती नागपूर विमानतळावर. रोकड मोजायचे यंत्र टेबलावर, बाजूला नोटांच्या थप्प्या, हे चित्र सगळ्यांनी छापले. फीचा पैसा शाळेच्या खात्यातून कसा बाहेर गेला, हे समजावून सांगणारी बातमी शोधावी लागते.

अमेरिकेत याच विषयावर एका वृत्तपत्राने केलेले काम पाहण्यासारखे आहे. टीव्हीवरचा धर्मोपदेशक जिम बेकर पैशात लोळत होता. त्याच्या कुत्र्याच्या घरालाही वातानुकूलन होते आणि लोक त्यावरच हसत होते. ‘शार्लट ऑब्झर्व्हर’ या दैनिकाने हसण्यापलीकडे जाऊन वर्षानुवर्षे त्याचा जमाखर्च तपासला आणि १९८८ चे पुलित्झर पारितोषिक मिळवले. बेकर शेवटी अडकला तो कुत्र्याच्या घरामुळे नाही, साध्या गुणाकारामुळे. हजार डॉलर द्या आणि आयुष्यभर दरवर्षी आमच्या पाचशे खोल्यांच्या हॉटेलात तीन रात्री फुकट राहा, अशी त्याची योजना होती. २५ हजार सभासदांवर थांबतो असे सांगून त्याने ६६ हजारांहून अधिक सभासद केले. इतक्यांना तीन-तीन रात्री द्यायच्या तर वर्षाला सुमारे दोन लाख रात्री लागतात. पाचशे खोल्यांत वर्षभरात एक लाख ऐंशी हजारच बसतात, आणि तेही एकही खोली दुसऱ्या कोणाला न देता. १९८९ मध्ये त्याला ४५ वर्षांची शिक्षा झाली. ती पुढे बरीच कमी झाली, पण गुन्हा टिकला.

तरी अमेरिकन पत्रकारांचे हात एका बाबतीत बांधलेले आहेत. तिथे इतर धर्मादाय संस्थांना दरवर्षी सार्वजनिक विवरणपत्र भरावे लागते, चर्चला त्यातून सूट आहे. २००७ मध्ये चक ग्रासली या सिनेटरने सहा बड्या टीव्ही धर्मोपदेशकांकडे हिशेब मागितला. दोघांनी नीट सहकार्य केले, बाकीच्यांनी टाळाटाळ केली. २०११ मध्ये अहवाल निघाला आणि कोणालाही काही झाले नाही. त्यानंतरच २०१५ मध्ये क्रेफ्लो डॉलर या आडनावाला जागणाऱ्या पाद्र्याने भक्तांकडे साडेसहा कोटी डॉलरच्या विमानासाठी वर्गणी मागितली. २०१९ मध्ये पाद्र्यांच्या पायातल्या महागड्या बुटांचे फोटो किमतीसह टाकणारे इन्स्टाग्रामवरचे एक खाते जगभर गाजले. बुटांची किंमत मोजायची वेळ तिथे येते, कारण हिशेबाची वही बंद आहे.

आपल्याकडे ती वही कायद्याने उघडी आहे. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० चा, आता त्याच्या नावात महाराष्ट्र आले. देऊळ, मठ, चर्च, संस्थान, सगळ्यांना तो लागू. वक्फ मालमत्तांसाठी वेगळे मंडळ आहे आणि नांदेडच्या तख्त सचखंड हुजूर साहिबसाठी १९५६ चा स्वतंत्र कायदा. त्या गुरुद्वारा मंडळावर सरकारनियुक्त सदस्य वाढवण्याचा निर्णय फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा शीख संघटनांनी कडाडून विरोध केला. हिशेब कोणी तपासायचा, समाजाने की सरकारने, हा वाद असा प्रत्येक धर्मात आहे.

सरकार आले की हिशेब चोख होतो, असेही नाही. लातूरच्या शेजारी तुळजापूरला बघा. तिथल्या मंदिर संस्थानाचे प्रमुख खुद्द जिल्हाधिकारी. तरीही १९९१ ते २००९ या काळात देवीच्या सिंहासनाजवळच्या दानपेटीचा चक्क लिलाव होत असे. बोली जिंकणाऱ्याने ठरलेली रक्कम संस्थानाला द्यायची आणि पेटीतले दान आपण घ्यायचे. भाविकांनी त्या पेटीत टाकलेल्या सोन्या-चांदीचे काय झाले, याची चौकशी पुढे सीआयडीकडे गेली, वर्षानुवर्षे रखडली, आणि मे २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाला गुन्हा नोंदवण्याचा आदेश द्यावा लागला. आईच्या पायाशी मंगळसूत्र वाहणाऱ्या बाईला त्या पेटीचा लिलाव झालेला आहे याची कल्पनाही नव्हती.

आता कायद्याने नेमके काय पाहता येते ते सांगतो. ट्रस्टला दरवर्षी लेखापरीक्षण करून हिशेबपत्रके धर्मादाय कार्यालयात दाखल करावी लागतात. परिशिष्ट आठ हा ताळेबंद, परिशिष्ट नऊ हे उत्पन्न-खर्चाचे पत्रक. ताळेबंदात जमीन, इमारत, वाहने, ठेवी आणि कोणाला दिलेली उसनवार. खर्चात आस्थापना, विश्वस्तांचे मानधन, ट्रस्टच्या उद्दिष्टांवरचा खर्च. वाचणाऱ्याने आधी तीन ठिकाणी नजर टाकावी: विश्वस्तांच्या नातेवाइकांकडची येणी, वाहनांचा आकडा आणि ‘इतर खर्च’ या मथळ्याखालची रक्कम. उद्दिष्टावर खर्च थोडा आणि ‘इतर’ भला मोठा असेल तर विचारायला जागा आहे. ट्रस्टची जमीन विकायची तर कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची आगाऊ परवानगी लागते. विश्वस्त बदलला तर बदल अर्ज द्यावा लागतो. वर्षानुवर्षे बदल अर्ज नाही म्हणजे कागदावर विश्वस्त मेलेले आणि प्रत्यक्षात गल्ला भलत्याच्याच हातात, अशी स्थिती असू शकते. गावात नोंदणी नसलेल्या समितीने धार्मिक कामासाठी वर्गणी गोळा करायची तर कलम ४१ क खाली परवानगी घ्यायची आणि नंतर हिशेब द्यायचा. गणेश मंडळांना हे कलम तोंडपाठ आहे. सप्ताह समित्यांनी मात्र त्याचे नाव क्वचितच ऐकलेले असते.

ट्रस्टच्या वहीत न येणारा पैसा हा खरा अवघड भाग. पाकीट, दक्षिणा, भक्ताने दिलेली भेट थेट व्यक्तीकडे जाते. गुरूला शिष्याने दिलेला पैसा करपात्र उत्पन्न आहे का, हा प्रश्न १९५८ मध्येच सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. त्रावणकोरच्या पोलीस खात्यातून निवृत्त झालेले पी. कृष्ण मेनन वेदान्त शिकवत. लेव्ही नावाच्या परदेशी शिष्याने त्यांच्या खात्यात दोन लाखांवर रक्कम भरली. मी फी मागितली नव्हती, ही प्रेमाची भेट आहे, असे मेनन यांचे म्हणणे. न्यायालयाने सांगितले की वेदान्त शिकवणे हीसुद्धा वृत्ती आहे आणि त्यातून आलेला पैसा हे उत्पन्नच. म्हणजे पाकिटावर कर लागतो, हे साठ वर्षांहून अधिक काळ ठरलेले आहे.

गाडीची गंमत वेगळी. आयकर कायद्यात नातेवाईक नसलेल्याकडून वर्षाला पन्नास हजारांवर भेट आली तर ती उत्पन्नात धरतात. त्या यादीत रोख, जमीन, सोने-दागिने, शेअर, चित्रे-शिल्पे आहेत, मोटारगाडी नाही. ती भेट व्यवसायातून आली असे अधिकाऱ्याने सिद्ध केले तर कर लागतो, एरवी नाही. महाराजांना भक्त नेहमी गाडीच का देतात याचे हेच एक कारण आहे असे मी म्हणणार नाही. पुष्कळांना हे कलम माहीतही नसेल. गुप्तदानाचेही तसेच. नाव-गाव नसलेल्या देणगीवर धर्मादाय संस्थेला २००६ च्या तरतुदीनुसार तीस टक्के कर लागतो, पण निव्वळ धार्मिक असलेल्या संस्थेला त्यातून सूट आहे. शाळा चालवणाऱ्या ट्रस्टने दात्याची नावे ठेवायची, हुंडीला ती गरज नाही.

नांदेडच्या वाचकाला हे दूरचे वाटू नये. शंकरराव चव्हाण सत्यसाईबाबांचे निस्सीम भक्त होते. त्यांचे चिरंजीव अशोक चव्हाण मुख्यमंत्री असताना २००९ मध्ये सत्यसाईबाबा ‘वर्षा’ बंगल्यावर आले, तेव्हा डॉ. नरेंद्र दाभोलकरांसह अनेकांनी टीका केली. चर्चा चमत्कारांची झाली. एप्रिल २०११ मध्ये बाबा वारले आणि जूनमध्ये पुट्टपर्तीला त्यांचे निवासस्थान यजुर्मंदिर उघडले, तेव्हा ९८ किलो सोने, ३०७ किलो चांदी आणि ११ कोटी ५६ लाख रुपये रोख निघाले. त्याच ट्रस्टने पुट्टपर्तीला मोफत शस्त्रक्रियांचे रुग्णालय चालवले आणि अनंतपूर जिल्ह्यातल्या शेकडो गावांना पाणी दिले, हेही तितकेच खरे. हवेतून अंगठी कशी निघते यावर आपण वर्षानुवर्षे भांडलो. बंद खोलीत अकरा कोटी रोख कोणत्या खात्यावर होते, हे विचारायला बाबा जाण्याची वाट पाहावी लागली. दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये आलेला जादूटोणाविरोधी कायदाही चमत्काराच्या नावाने फसवणूक करणाऱ्याला पकडतो. निव्वळ श्रीमंत असणाऱ्या बाबाशी त्याचा संबंध नाही, आणि नसावाही.

मग जिल्ह्याची वृत्तपत्रे हे काम का करत नाहीत? भीती आहे, खोटे नाही. बदनामीचा फौजदारी खटला, धार्मिक भावना दुखावल्याचे कलम, दारात आलेला जमाव, सगळे होऊ शकते. पण मला त्याहून मोठे कारण जाहिरातीचे वाटते. तालुक्याच्या वार्ताहराला पगार नावापुरता आणि जाहिरातीचे टार्गेट मात्र पक्के. महाराजांचा वाढदिवस, संस्थानाची पुण्यतिथी, सप्ताहाची सांगता यांच्या पुरवण्या तोच गोळा करतो. ज्याच्याकडून पानभर जाहिरात घ्यायची त्याचा ताळेबंद कोण मागणार? मोबाइलवरच्या चॅनेलवाल्यांचे गणित आणखी वेगळे. कीर्तनाच्या तुकड्यावरही पैसे मिळतात आणि त्याच कीर्तनकाराच्या बदनामीवरही. माझ्या कीर्तनांवर यूट्यूबवाल्यांनी कोट्यवधी कमावले, असा संताप इंदुरीकरांनी २०२२ मध्ये अकोल्यात व्यक्त केला होता. भाषा शिवराळ होती, पण तक्रार चुकीची नव्हती. धर्मगुरूच्या श्रीमंतीवर टीका करणाऱ्याने आपली कमाईही सांगायला हरकत नाही.

नांदेडला धर्मादाय कार्यालय आहे, लातूरलाही आहे. देणगीची पावती हातात पडली की तिच्यावरचा ट्रस्टचा नोंदणी क्रमांक बघा. हिंदू धार्मिक ट्रस्ट असेल तर आधी ‘ए’ असेल, सोसायटी म्हणून नोंदलेली संस्था असेल तर ‘एफ’. क्रमांकच नसेल तर तिथेच विचारा. असेल तर तो क्रमांक घालून साध्या कागदावर अर्ज करा आणि फी भरून गेल्या तीन वर्षांच्या परिशिष्ट आठ व नऊच्या नकला मागा. त्यासाठी पत्रकार असावे लागत नाही, वकीलही लागत नाही.